गळती आणि पाठशुद्धी

द्रवाने भांड्याबाहेर येण्याला मराठीत एकच एक क्रियापद नाही. छप्पर गळते, नळ ठिबकतो, माठ पाझरतो, भिंतीत ओल झिरपते, धुतलेली भांडी निथळतात. शिवाय ‘गळणे’ या क्रियेचा कर्ता पाणीही होते आणि पात्रही. पाणी गळते तशी घागरही गळते. आम्ही दोघेही मराठी शिकवतो, आणि या छटा वर्गात बहुधा भाषेची श्रीमंती म्हणून सांगत आलो. पण त्या केवळ श्रीमंतीच्या नाहीत, निदानाच्याही आहेत. ठिबकणाऱ्या नळाचे वायसर बदलावे लागते, गळणारे छप्पर शाकारावे लागते. पाझरणारा माठ मात्र कुणी दुरुस्तीला नेत नाही; पाझरणे हेच त्याचे काम, आणि तो पाझरायचा थांबला तर पाणी गार होत नाही. दोष कुठला आणि धर्म कुठला हे आधी ठरवावे, मग हात लावावा, एवढा विवेक या क्रियापदांत साठवलेला आहे. आमच्या गाडीच्या इंजिनाच्या एका किरकोळ दुरुस्तीत या विवेकाचा प्रश्न अगदी रोकडेपणाने उभा राहिला, म्हणून हे लिहीत आहोत.

गाडी जुनी घेतलेली, पेट्रोलवर चालणारी, अकरा वर्षे वयाची. आम्ही राहतो वाईला. घरी आई आहेत, ७९ वर्षांच्या. डोळ्यांच्या उपचारांसाठी त्यांना दर सहा आठवड्यांनी पुण्याला न्यावे लागते, आणि परतताना खंबाटकीचा चढ असतो. ही भेट पुढे ढकलणे म्हणजे दृष्टीचा काही भाग गमावण्याची जोखीम घेणे, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेले आहे. एरवी गाडी बंद पडली तर एसटी आहे, रिक्षा आहे. पण उपचार घेतलेल्या डोळ्यावर पट्टी बांधलेल्या वृद्ध बाईंना घेऊन घाटात बोनेट उघडून उभे राहणे आम्हांला परवडणारे नव्हते.

२०२४च्या डिसेंबरात कुलंटच्या टाकीतली पातळी उतरू लागली. या टाकीवर कमाल आणि किमान अशा दोन रेघा असतात, आणि पातळी पाहायची ती सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना. आठवड्याला साधारण बोटभर पाणी कमी होत होते. गाडीखाली मात्र थेंब नव्हता. गॅरेजच्या भाषेत याला ‘गाडी पाणी खाते’ असे म्हणतात, आणि हा प्रयोग किती नेमका आहे पाहा: पाणी जाते, पण गेलेले दिसत नाही. अशा वेळी मनात पहिली शंका येते ती हेड गॅस्केटची. ते गेले असेल तर कुलंट थेट सिलिंडरात शिरून जळते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, किंवा पाणी ऑइलमध्ये मिसळून त्याचा दुधी रंगाचा साय आल्यासारखा लगदा होतो. तसे असते तर खर्च मोठा होता. आमच्या गाडीची ऑइलची पट्टी स्वच्छ निघाली आणि धूरही नव्हता. मग गाडी फिरवून आणून बोनेट उघडले, तेव्हा किंचित गोडसर वास आला. रेडिएटरचा वरचा हौज पाइप इंजिनाला जिथे जोडलेला असतो त्या ॲल्युमिनियमच्या तोटीखाली, सांध्यालगत, पांढरट हिरवी खपली धरलेली होती. या तोटीलाच थर्मोस्टॅटचे हाऊसिंग म्हणतात.

जमिनीवर थेंब का नव्हता, याचे उत्तर सोपे आहे. पाणी बाहेर येते ते तापलेल्या धातूवर. खाली ओघळण्याआधीच त्याची वाफ होते आणि त्यात विरघळलेली द्रव्ये तेवढी मागे राहतात. म्हणजे गळतीचा पुरावा ओल नसून कोरडी खपली असतो. कधी पाणी इंजिनाच्या कंगोऱ्यांवरून वाहत जाऊन भलतीकडेच ठिबकते. म्हणून जिथे ओले दिसते तिथून वर वर माग काढत जावे लागते.

आता बोटभर पाण्याने काय बिघडते, असे वाटेल. पण अशा सांध्यातून केवळ पाणी जात नाही, दाबही जातो. अर्धे पाणी आणि अर्धे इथिलिन ग्लायकॉल यांचे मिश्रण साध्या दाबाखाली सुमारे १०७ अंशांना उकळते. रेडिएटरचे झाकण आत जास्त दाब धरून ठेवते, त्यामुळे उत्कलनबिंदू आणखी वर जातो. सांधा दाब धरीनासा झाला की ही सगळी सवलत संपते. शिवाय आपण जितके उंच जाऊ तितके पाणी लवकर उकळते: वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, तिथे साधे पाणी ९७-९८ अंशांना उकळते, १३०० मीटरच्या आसपास असलेल्या पाचगणीला ९५-९६ अंशांनाच. म्हणजे इंजिनावर ताण सर्वांत जास्त असतो तिथेच, चढावर, गळक्या सांध्याचे उणे सर्वांत महाग पडते.

गाडी आम्ही नेहमीच्या मेस्त्रींकडे नेली. साठीचे गृहस्थ, सबंध आयुष्य इंजिनांत गेलेले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांनी खपलीवर बोट फिरवले, वास घेतला आणि क्षणात निदान केले.

“सर, हाऊसिंग गळतंय. असं करू, आतला थर्मोस्टॅट काढून टाकू आन् वरनं चांगलं सिलिकॉन मारून बसवू. परत कटकट न्हाय. आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय?”

“पण अण्णा, गळती पॅकिंगला आहे ना? थर्मोस्टॅटनं काय केलं?”

“त्यानं काय केलं न्हाय मॅडम, पर करील. एकदा बंदच ऱ्हायला तर इंजिन जातंय. लई बघितल्यात.”

या सल्ल्याला अडाणीपणा म्हणून झटकणे सोपे होते, पण अन्यायाचे झाले असते. थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला तर रेडिएटरकडे पाणी जातच नाही आणि इंजिन काही मिनिटांत भाजून निघते, हेड वाकते. ज्याने असे हेड वाकलेले पाहिले, गाडीच्या मालकाचे रडवेले तोंड पाहिले, सुटा भाग मिळायला आठवडा लागण्याचे दिवस पाहिले, त्याने ‘जे नाही ते बिघडत नाही’ हा धडा घेतला तर नवल नाही. आपल्या देशात असंख्य गाड्यांतून थर्मोस्टॅट याच तर्काने निघालेले आहेत. गाडी लगेच बंद पडत नाही, काटाही खाली राहतो. गिऱ्हाईक खूश, मेस्त्रीही निर्धास्त.

अडचण एवढीच, की थर्मोस्टॅटचे काम इंजिन गार ठेवणे हे नाही. ते काम रेडिएटरचे आणि पंख्याचे. थर्मोस्टॅटचे काम आहे इंजिन योग्य तेवढे गरम होईपर्यंत थांबवून धरण्याचे. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत पाणी बहुतांशी गरम पाणी वर चढते आणि गार खाली उतरते एवढ्याच तत्त्वावर फिरत असे. पुढे पंप आले, पाणी जोराने फिरू लागले, आणि थंड इंजिन थंडच राहू नये म्हणून मध्ये दार बसवणे गरजेचे झाले. आधीच्या थर्मोस्टॅटांत भात्यासारखी घडीची डबी असे; तिच्यावर दाबाचा परिणाम होई. १९३०च्या दशकात सर्जियस व्हर्ने याने मेणाचा थर्मोस्टॅट आणला, आणि दाबाखालच्या यंत्रणा आल्यावर तोच टिकला. पितळी कुपीत मेण असते, उष्णता लवकर पोचावी म्हणून त्यात धातूची भुकटी मिसळलेली असते. ठरावीक तापमानाला मेण वितळते, वितळताना फुगते, आणि त्या फुगण्याने एक दांडी ढकलली जाऊन झडप उघडते. पाणी निवाले की मेण आकसते आणि स्प्रिंग झडप मिटवते. वीज नाही, तार नाही, कुणाचा हुकूम नाही. आमच्या गाडीतल्या चकतीवर ८२ हा आकडा ठोकलेला होता: ८२ अंशांना उघडायला सुरुवात.

हे दार काढून टाकले तर काय होते? डिसेंबरात वाईची सकाळ चांगलीच गारठ्याची असते, पण थंडीचा मुद्दा दुय्यम आहे. उन्हाळ्यातही ३५ अंश आणि ८२ अंश यांत पुष्कळ अंतर असते. दार नसलेले इंजिन हे अंतर फार सावकाश कापते. तोवर संगणक इंजिन थंड आहे असे समजून जास्त पेट्रोल सोडतो. ऑइलमध्ये जमलेला दमटपणा उडून जात नाही, त्याचा चिखल होतो. झीज वाढते. नव्या गाड्यांत पी ०१२८ हा दोषांक दिवा लावून तक्रारही करतो. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की काही इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. वरचे दार उघडले की ती आडवाट बंद करते. अशा इंजिनातून थर्मोस्टॅट काढला तर आडवाट कायमची उघडी राहते, बरेचसे पाणी रेडिएटरकडे न जाता तिथूनच फिरून परत येते, आणि चढावर इंजिन उलट अधिक तापते. म्हणजे जे टाळण्यासाठी भाग काढला, तेच ओढवते.

हे सगळे अण्णांना ऐकवून दाखवणे आम्हांला प्रशस्त वाटले नाही. त्यांचे ज्ञान हातांतले होते, आमचे कागदावरचे. शिवाय आम्हांला त्यांच्याच हातून काम करून हवे होते. म्हणून एवढेच म्हटले, “अण्णा, काढायच्या आधी तो चांगला आहे का वाईट, ते बघूया का?” त्यांनी खांदे उडवले. “बघू की. त्यात काय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर गार झालेल्या इंजिनावर काम सुरू झाले. गरम इंजिनाचे झाकण उघडू नये हे सर्वांना ठाऊक असते. दाब सुटताच आतले पाणी उसळून हाततोंड भाजते. खालचा हौज सोडून कुलंट परातीत काढले. ते उघड्यावर ठेवू नये आणि गटारातही ओतू नये. ग्लायकॉल गोडसर असते, कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मरतात. अण्णांनी ते लगेच कॅनमध्ये भरून बाजूला ठेवले. मग क्लिप ढिली करून वरचा हौज काढला आणि दहाच्या पान्याने दोन बोल्ट सोडले. हाऊसिंग मात्र सुटेना. लाकडी ठोकळ्याने हलके टोले दिले तेव्हा ते चिरकत बाहेर आले.

आत जे दिसले ते आमच्या विषयाच्या फार जवळचे होते. मूळ कागदी पॅकिंगचे अवशेष सर्वांत खाली, त्यांवर राखाडी सीलंटचा थर, त्यांवर तांबडा, त्यांवर काळा. गाडी आमच्याकडे येण्याआधी निदान तीनदा कुणीतरी हीच गळती ‘थांबवली’ होती, आणि दर वेळी आधीचे न खरवडता वर नवे लावले होते. जास्तीच्या सीलंटचा एक तांबडा दोरा आतल्या बाजूला लोंबत होता. तुटून तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसला असता. थरांखाली ॲल्युमिनियमला खड्डे पडलेले होते. कुलंटऐवजी साधे, बहुधा बोअरचे, पाणी ओतत राहिले की त्यातले क्षार धातू असाच कुरतडतात. पोलादी पट्टी आडवी धरून पाहिली तर तोटीची कड एका बाजूला स्पष्ट खालावलेली होती. एवढ्या खड्ड्यांवर कोणतेही पॅकिंग बसणे शक्य नव्हते.

थर्मोस्टॅट हातात घेऊन अण्णा म्हणाले, “हां, आता बघा तुमचं काय ते.” महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागातून ११० अंशांपर्यंतचा तापमापक आम्ही मागून आणला होता. गॅरेजच्या चहाच्या स्टोव्हवर पातेले चढवले. थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगला, तळाला टेकू दिला नाही, शेजारी तापमापक. गॅरेजमधली दोन पोरेही येऊन उभी राहिली. ७०, ७५, ८० – काही नाही. ८३ला झडपेच्या कडेला केसाएवढी फट दिसली. पाणी उकळू लागले तेव्हा झडप सुमारे ८ मिलिमीटर उघडलेली होती. स्टोव्ह बंद केला, आणि पाणी निवत गेले तशी ती शांतपणे मिटली.

अण्णा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “चांगलाय की हो. उगंच गेला असता.”

‘उगंच गेला असता’ या तीन शब्दांत या दुरुस्तीचे सगळे सार आहे, असे आम्हांला वाटते. एकनाथांनी १५८४ मध्ये, म्हणजे शके १५०६ला, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. त्यांच्यासमोर जवळपास तीन शतकांच्या हस्तलिखितांतून आलेला मजकूर होता. कुणी चुकून, कुणी भक्तीने, कुणी सोपे व्हावे म्हणून केलेले फेरफार त्यात मिसळलेले होते. नाथांनी भर खरवडली आणि मूळ ठेवले; पुढे कुणी यात आपली ओवी घालू नये असेही बजावले. परीक्षेत आपण तारीख विचारतो, पण या कामातली खरी अडचण तारखेत नाही. दुर्बोध वाटणारी ओवी मूळची आहे की मागाहून चिकटलेली, हे कशावरून ओळखायचे? जी कळत नाही ती काढून टाकावी, हा मोह मोठा असतो. आणि जी सवयीने गुळगुळीत झाली ती ठेवावी, हा त्याहून मोठा. पाठचिकित्सा या दोन्ही मोहांविरुद्ध उभी असते.

गॅरेजमधला पहिला बेत नेमका उलटा होता. मूळचा, कारखान्याने विचारपूर्वक बसवलेला भाग काढायचा होता, आणि तीन परक्या थरांवर चौथा चढवायचा होता. तो बेत मूर्खपणाचा नव्हता. कष्टाने मिळालेल्या, पण कधी तपासून न पाहिलेल्या अनुभवाचा तो होता, आणि असे अनुभव आमच्याही पेशात भरपूर आहेत. अभ्यासक्रमाच्या फेररचनेच्या बैठकांत ‘याची आता गरज काय’ हा प्रश्न हमखास येतो आणि व्याकरण, छंद, हस्तलिखितांचे वाचन यांतले काहीतरी निघून जाते. लगेच काही बिघडत नाही. काटा खालीच राहतो. परिणाम दिसायला पाच-दहा वर्षे लागतात, आणि तोवर बैठकीत कोण होते हे कुणाला आठवत नाही. उपमा याहून ताणत नाही. पण उकळत्या पाण्याच्या पातेल्यात टांगून पाहिल्याशिवाय काही काढू नये, एवढे त्या सकाळपासून आम्ही दोघेही बैठकांत म्हणू लागलो आहोत. सहकाऱ्यांना ते थोडे विचित्र वाटते, हे खरे.

नवे हाऊसिंग पुण्याहून दोन दिवसांनी आले. इतक्या वर्षांचा थर्मोस्टॅट पुन्हा घालण्यापेक्षा नवाच घालावा, असे या वेळी अण्णांनीच सुचवले. किंमत फार नव्हती आणि तेवढ्यासाठी सांधा पुन्हा उघडणे शहाणपणाचे नव्हते. इंजिनाकडची बाजू त्यांनी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडली, धारदार पात्याने नाही, कारण ॲल्युमिनियमला एक ओरखडा पडला तरी ती नवी गळती. भोकात चिंधी कोंबून ठेवली, म्हणजे कचरा आत पडू नये. थर्मोस्टॅटची स्प्रिंग इंजिनाकडे, आणि चकतीवरचे हलत्या पिनेचे बारीक भोक वरच्या बाजूला, म्हणजे अडकलेली हवा त्यातून निघून जाते. नवे पॅकिंग कोरडेच बसवले. सपाट पृष्ठभागावर त्याला सीलंटची गरज नसते.

बोल्ट आवळताना अण्णांचा हात पाहण्यासारखा होता. सहा मिलिमीटर जाडीचे हे बोल्ट सुमारे १० न्यूटन-मीटर एवढेच आवळायचे असतात. ॲल्युमिनियममधले आटे मऊ, जरा जोर झाला की आटे गेले. आमच्याजवळच्या छापील सूचनेत हा आकडा होता. अण्णांनी तो ऐकून घेतला, आखूड पाना उचलला, दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे घेतले, आणि शेवटचा झटका फक्त मनगटाने दिला. “खांदा लावला की गेलं बघा,” ते पोरांना म्हणाले. आकडा आमच्याकडे होता. तो ज्याच्या मनगटात होता तो माणूस समोर होता. तपासून पाहण्याचा आग्रह धरला म्हणून हातांतल्या ज्ञानाचे मोल कमी होत नाही, हेही तिथेच कळत होते.

मग अर्धे कुलंट, अर्धे डिस्टिल्ड वॉटर सावकाश भरले. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडेच ठेवून, गार इंजिन चालू केले. ‘एअर धरली’ असेल तर ती बुडबुड्यांनी बाहेर येते. वरचा हौज बराच वेळ गार राहिला आणि मग एकाएकी तापला. तेच दार उघडल्याचे लक्षण. पातळी बसली, आणखी थोडे ओतले, झाकण लावले.

परीक्षा घेतली ती पसरणी घाटात. गावाबाहेर पडताच हा चढ लागतो, आणि पाचगणीपर्यंत गाडी सुमारे सहाशे मीटर वर चढते. काटा मध्याच्या किंचित खाली जाऊन थांबला आणि तिथून हलला नाही. दांडेघरला गाडी बाजूला घेऊन बोनेट उघडले: सांधा कोरडा, वास नाही. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर टाकीतली पातळी रेघेला चिकटलेली होती. तिसऱ्या आठवड्यातही तिथेच. जानेवारीत आईंना पुण्याला नेऊन आणले. परतताना खंबाटकी चढत असताना त्या मागे झोपल्या होत्या, आणि आम्ही काट्याकडे पाहायचे हळूहळू सोडून दिले.

जुना थर्मोस्टॅट अण्णांनी मागून घेतला. तो आता गॅरेजच्या फळीवर, दोऱ्यासकट, एका खिळ्याला टांगलेला असतो. तापमापक रसायनशास्त्र विभागाला परत करायचा होता, म्हणून त्यांनी स्वतःसाठी एक विकत आणला आहे. मधल्या काळात एका गिऱ्हाइकाने ‘ते काढूनच टाका’ असे सांगितले, तेव्हा अण्णांनी पातेले चढवले म्हणे. तो थर्मोस्टॅट मात्र खरोखरच खराब निघाला, उकळत्या पाण्यातही उघडला नाही. अण्णांनी तो काढला, आणि नवा बसवला.